पॉइंटर म्हणजे फक्त पत्ता, असं शिकवणं थांबवायला हवं

धागाकर्ती

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. इतकी वर्षं फळ्यावर खोके काढले, खाली आकडे लिहिले आणि सांगितलं, "पॉइंटर म्हणजे व्हेरिएबलचा पत्ता." आता हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

कारण एका विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम. त्याने मॅलॉकने (मेमरीत जागा मागणारं फंक्शन) एका इंटपुरती, म्हणजे एका पूर्णांकापुरती जागा घेतली, पॉइंटर पी. मग तेवढ्याच जागेसाठी रीअलॉक (घेतलेल्या जागेचा आकार बदलून मागणारं फंक्शन) केलं, पॉइंटर क्यू. दोन्ही सारखे आहेत का हे तपासलं आणि असतील तरच पीमधून १ लिहिला, क्यूमधून २ लिहिला, मग दोन्हींतून वाचून छापलं. पत्ता एकच असेल तर २ २ यायला हवं ना? क्लँग या कंपायलरने ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणारे फेरफार) चालू असताना १ २ छापलं. मुलगा म्हणाला, "मॅडम, एका खोक्यात दोन आकडे कसे?"

खोका एक नव्हताच. रीअलॉक यशस्वी झालं की जुना ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रॅमला वापरायला मिळालेला मेमरीचा तुकडा, संपतो, नवा त्याच जागी आला तरीही. ऑब्जेक्टची हयात संपली की त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरच्या किमतीचाही भरवसा नाही, असं सीचा प्रमाणग्रंथच सांगतो. पीमधून लिहिलेलं क्यूला लागू होणार नाही हे कंपायलरने गृहीत धरलं आणि ते त्याच्या हक्कात होतं.

मला हे सातबाऱ्यासारखं वाटतं. शेत कुठे आहे ते माहीत असणं वेगळं आणि उतारा नावावर असणं वेगळं. अ‍ॅरेच्या शेवटच्या घटकापुढचा पत्ता काढायला सी परवानगी देते, म्हणजे बांधावर उभं राहता येतं. तिथून पलीकडच्या शेतात पेरणी करता येत नाही, ते शेत अगदी लागून असलं तरी.

प्रतिसाद १ (एम्बेडेडमध्ये, म्हणजे उपकरणांतल्या चिपच्या प्रोग्रॅमिंगमध्ये काम करणारा)

मॅडम, मी पूर्ण असहमत आहे. एसटीएम३२एफ४ या मायक्रोकंट्रोलर चिपवर जीपीआयओ-ए पोर्टचे (चिपच्या पिना चालवणारे) रजिस्टर हेक्समधल्या ४००२०००० पासून सुरू होतात. तो आकडा कास्ट करून (त्याचा प्रकार बदलून) व्होलाटाइल पॉइंटर बनवायचा, म्हणजे कंपायलर त्यावरचं वाचणं-लिहिणं गाळत नाही, बिट लिहायचा, एलईडी लागतो. तिथे कोणी मॅलॉक केलं होतं? कोणतं व्हेरिएबल जाहीर केलं होतं? उतारा कोणाच्याच नावावर नाही, पत्ता तेवढा आहे आणि आमचं पोट त्यावर चालतं.

१ २ छापणं हा कंपायलरचा अतिशहाणपणा आहे. लिनक्स कर्नलसुद्धा स्ट्रिक्ट एलियासिंग (वेगळ्या प्रकारचे पॉइंटर एकाच जागेकडे नसतात हे कंपायलरचं गृहीतक) बंद करूनच बांधतात. मुलांना आधी मेमरी मॅप (कोणत्या पत्त्यावर काय आहे त्याचा नकाशा) वाचता येऊ दे. माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना स्टॅक (लोकल व्हेरिएबलची जागा) कुठे, फ्लॅश (प्रोग्रॅम साठवायची जागा) कुठे, हे सांगता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रतिसाद २

वरच्या मित्राला एम्बेडेडमधलंच उदाहरण देतो. कॉलेजात ८०५१ हा जुना मायक्रोकंट्रोलर केला असेल. त्यावर कीलच्या सी५१ कंपायलरमध्ये जेनेरिक (कोणत्याही मेमरीकडे बोट दाखवणारा) पॉइंटर ३ बाइटचा असतो. दोन बाइट पत्ता आणि एक बाइट कोणत्या मेमरीतला ते सांगणारा, कारण आतल्या रॅममध्ये, बाहेरच्या रॅममध्ये आणि कोडमध्ये तोच आकडा तीन वेगळ्या जागा दाखवतो.

आणि टर्बो सी हा डॉसवरचा जुना कंपायलर? आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्या निळ्या पडद्यावर सी शिकली. तिथला 'फार' पॉइंटर म्हणजे सेगमेंट आणि ऑफसेट, १६-१६ बिट. सेगमेंट गुणिले १६ अधिक ऑफसेट म्हणजे खरी जागा. त्यामुळे एकाच बाइटला अनेक जोड्या लागू पडायच्या, आणि दोन पॉइंटर एकाच जागेकडे असूनही बरोबरीच्या तपासणीत वेगळे निघायचे. ज्या यंत्रावर आपण "पॉइंटर म्हणजे पत्ता" पाठ केलं, तिथेही ते पुरतं खरं नव्हतं.

प्रतिसाद ३ (विद्यार्थिनी)

परीक्षेत पॉइंटरची व्याख्या दोन मार्कांना येते. उत्तरपत्रिका तपासणारे "पत्ता" शोधतात. मी ऑब्जेक्ट आणि हयात लिहिलं तर मार्क कापले जातील का?

प्रतिसाद ४ (कंपायलरवर काम करते)

मॅडमचं म्हणणं बरोबर आहे, तरी ते दुसऱ्या वर्षाला शिकवायला माझा विरोध आहे. दोन पॉइंटरचे बिट तेच असले तरी उगमावरून (पॉइंटर कोणत्या ऑब्जेक्टपासून मिळाला त्यावरून) कंपायलरने त्यांना वेगळं मानावं का, हा प्रश्न २००१मध्ये सीच्या प्रमाण समितीपुढे दोष अहवाल २६० म्हणून आला. २००४मध्ये उत्तर मिळालं की मानता येईल. पण नेमके नियम प्रमाणाच्या मूळ मजकुरात आले नाहीत. उगमाचं सविस्तर मॉडेल टीएस ६०१० या वेगळ्या तांत्रिक दस्तऐवजात २०२५मध्ये प्रसिद्ध झालं. जाणकारांना जे लिहून काढायला इतकी वर्षं लागली, ते एकोणीस वर्षांच्या मुलांवर पहिल्याच तासाला टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

हार्डवेअर मात्र मॅडमच्या बाजूने सरकतंय. केंब्रिजच्या 'चेरी' या प्रोसेसर-रचनेत ६४ बिटांच्या यंत्रावर पॉइंटर १२८ बिटांचा होतो. पत्त्यासोबत हद्दही त्यातच असते, शिवाय तो खरा आहे हे सांगणारा एक टॅग बिट वेगळा ठेवलेला असतो. हद्दीबाहेर हात घातला की प्रोसेसरच अडवतो.

धागाकर्ती

प्रतिसाद १, रजिस्टरचा मुद्दा मान्य. आकड्यातून पॉइंटर बनवला की काय होतं, हे प्रमाणाने त्या-त्या कंपायलरवर सोडलंय, आणि तुमचा कंपायलर तुम्हाला तो शब्द देतो. मी ते शिकवणं सोडणार नाही. पण रजिस्टर फ्री होत नाही, म्हणजे घेतलेली जागा परत केली असं तिथे घडत नाही. मुलं अडकतात ती फ्री झालेल्या जागेवर आणि फंक्शन संपल्यावर परत केलेल्या लोकल व्हेरिएबलच्या पॉइंटरवर. तिथे पत्ता जिवंत दिसतो आणि ऑब्जेक्ट गेलेला असतो.

प्रतिसाद ४, उगमाचे नियम पहिल्या तासाला नकोत, कबूल. हयात मात्र हवीच. ती नवी नाही, ऑब्जेक्टइतकीच जुनी आहे.

आणि बाळ, परीक्षेत "विशिष्ट प्रकारच्या ऑब्जेक्टचा पत्ता साठवणारं व्हेरिएबल" असं लिही. पत्ता हा शब्दही आला आणि ऑब्जेक्टही.

प्रतिसाद १

फ्रीचं पटलं. परवाच आमच्याकडे सीरियल पोर्टचा बफर लोकल ठेवून डीएमएला (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिणारं हार्डवेअर) दिला होता. फंक्शन संपलं, डीएमए लिहीत राहिला, आणि स्टॅकवरचं दुसऱ्याच फंक्शनचं सामान बिघडलं. शोधायला दोन दिवस गेले. कास्टबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

धागाकर्ती

हेच उदाहरण पुढच्या आठवड्यात वर्गात वापरू का?

प्रतिसाद १

जरूर. कोड साफ करून पाठवतो.