आर्म६४ वर आरएमबी()/डब्ल्यूएमबी() काढून डीएमए_आरएमबी()/डीएमए_डब्ल्यूएमबी() टाकले तर चालेल का?

रिंगवाला

लिनक्स, पीसीआयई नेटवर्क कंट्रोलरचा ड्रायव्हर. डीएमएची (डिव्हाइस सीपीयूशिवाय थेट मेमरी वाचतो-लिहितो ती सोय) रिंग, म्हणजे डिस्क्रिप्टरची (कामाच्या नोंदींची) गोल रांग, डीएमए_अ‍ॅलॉक_कोहेरंट() ने, म्हणजे सीपीयू आणि डिव्हाइस दोघांना सारखीच दिसणाऱ्या मेमरीत, घेतली आहे. डिस्क्रिप्टर १६ बाइटचा: ८ बाइट बफरचा पत्ता, ४ बाइट लांबी, ४ बाइट स्थिती. स्थितीतला सगळ्यात वरचा बिट म्हणजे 'ओन': १ असेल तर डिस्क्रिप्टर डिव्हाइसकडे, ० झाला की आपल्याकडे.

एक्स८६ वर सगळं सुरळीत. आर्म६४ वर मात्र रिसीव्हमध्ये मधूनच ओन ० दिसतो आणि लांबी मागच्या पॅकेटची हाती येते. आरएमबी() (वाचनांचा क्रम राखणारा मेमरी बॅरिअर; डब्ल्यूएमबी() लेखनांचा) घातल्यावर ते थांबलं, पण आता पर्फमध्ये (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) डीएसबी या सूचनेपाशी बराच वेळ जाताना दिसतोय. सगळीकडे डीएमए_ वाले टाकू का? एसएमपी_डब्ल्यूएमबी() त्याहून हलका असेल तर तो का नको? आणि इफमध्ये ओन तपासूनच पुढे लांबी वाचतोय, मग क्रम बिघडतोच कसा?

ओनबिट

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण गोम तिथेच आहे. इफमुळे दोन लोडचा (मेमरी-वाचनांचा) क्रम ठरत नाही. सीपीयू ब्रँचचा अंदाज बांधून लांबीचा लोड आधीच उरकून घेतो, मग स्थितीचा लोड पूर्ण होतो, त्यात ओन ० निघतो, अंदाज बरोबर ठरतो आणि जुनी लांबी तशीच वापरली जाते. ब्रँचमागे स्टोअर (मेमरी-लेखन) असता तर तो थांबला असता, लोड थांबत नाही. एक्स८६ वर लोड एकमेकांच्या पुढे गेलेले प्रोग्रॅमला दिसत नाहीत, म्हणून तिथे चूक झाकली जाते. रिसीव्हला स्थिती रीड_वन्स() ने वाचा, ओन तपासा, मग डीएमए_आरएमबी(), मग बाकीची फील्ड.

डीएमए_ जोडी कर्नल ३.१९ पासून आहे आणि ती नेमकी याच कामासाठी आली: सीपीयू आणि डिव्हाइस दोघं वापरतात त्या कोहेरंट मेमरीतला क्रम राखायचा, त्यापलीकडे काही नाही. आर्म६४ वर आरएमबी() म्हणजे 'डीएसबी एलडी', डीएमए_आरएमबी() म्हणजे 'डीएमबी ओएसएचएलडी'. डीएसबी आधीचे व्यवहार पूर्ण होईपर्यंत पुढची सूचनाच चालू देत नाही. डीएमबी फक्त मेमरी व्यवहारांची रांग लावतो, बाकीचं गणित चालू राहतं. एक्स८६ वर डीएमए_ वाले नुसते कंपायलर बॅरिअर, एकही सूचना खर्ची पडत नाही.

एसएमपी_ वाले इथे नकोच. ते सीपीयू-सीपीयूमधल्या क्रमासाठी आहेत. एसएमपी बंद असलेल्या कर्नलमध्ये त्यांचा कंपायलर बॅरिअर होतो, पण डिव्हाइस तर तिथेही असतोच. आर्म६४ वर त्यांची व्याप्ती इनर शेअरेबल (सहसा सीपीयूंचा आपसातला गट), आणि डिव्हाइस त्या कुंपणाबाहेर असू शकतो.

डोअरबेल

वरचं सगळं पटतं, पण 'सगळीकडे' बदलू नका. ट्रान्समिटचा क्रम असा हवा:

डिस्क->पत्ता = सीपीयू_टू_एलई६४(बफर);
डिस्क->लांबी = सीपीयू_टू_एलई३२(लांबी);
डीएमए_डब्ल्यूएमबी();
राइट_वन्स(डिस्क->स्थिती, सीपीयू_टू_एलई३२(ओन));
राइटएल(टेल, आयओ + डोअरबेल);

ओन आणि डोअरबेल (नवं काम आलंय हे डिव्हाइसला कळवणारा रजिस्टर) यांच्या मध्ये तुमचा डब्ल्यूएमबी() असेल तर तो काढून टाका. राइटएल() स्वतःच आधीची मेमरी-लेखनं डिव्हाइसला दिसतील याची हमी देतो. राइटएल_रिलॅक्स्ड() देत नाही. तो वापरत असाल तर आधी पूर्ण डब्ल्यूएमबी() हवा, तिथे डीएमए_डब्ल्यूएमबी() चालत नाही, कारण एमएमआयओबद्दल (मेमरीसारख्या पत्त्यावरून डिव्हाइसचे रजिस्टर वापरणं) तो कसलंच वचन देत नाही. काही जण राइटएल_रिलॅक्स्ड() आणि वर डब्ल्यूएमबी() लिहून वेग वाढवल्याचं समाधान मानतात. एकाच डोअरबेलसाठी त्यात कमाई शून्य.

एक्स८६ वर राइट-कम्बाइन मॅपिंगमध्ये (लेखनं बफरमध्ये साठवून एकत्र पाठवली जातात तिथे) डिस्क्रिप्टर ढकलत असाल तर तिथलाही डब्ल्यूएमबी() ठेवा. तो 'एसफेन्स' आहे, तोच ते बफर रिकामे करतो.

रिंगवाला

राइटएल() च आहे, मधला डब्ल्यूएमबी() काढतो. एका पॅकेटला ४-५ डिस्क्रिप्टर लागतात. प्रत्येकाला वेगळा बॅरिअर?

ओनबिट

नाही. सगळे भरा, ओन कुठेच लावू नका. एक डीएमए_डब्ल्यूएमबी(). मग दुसऱ्यापासून शेवटपर्यंत ओन लावा, आणखी एक डीएमए_डब्ल्यूएमबी(), आणि पहिल्याचा ओन सर्वांत शेवटी. म्हणजे पॅकेट कितीही तुकड्यांचं असो, बॅरिअर दोनच. पहिला बॅरिअर वाचवून भरताभरताच ओन लावणारे ड्रायव्हर सापडतील. कंट्रोलर एकेक डिस्क्रिप्टर वाचून ओन नसलेल्यापाशी थांबत असेल तरच ते खपतं. तो एका फटक्यात ६४ बाइट, म्हणजे तुमचे ४ डिस्क्रिप्टर, आगाऊ उचलत असेल तर दुसऱ्याचा ओन नवा आणि पत्ता जुना अशी जोडी त्याच्या हाती लागू शकते, आणि मग तो भलत्याच मेमरीतून डीएमए करेल. आयओएमएमयू (डिव्हाइसच्या मेमरी-पत्त्यांवर पहारा ठेवणारं हार्डवेअर) चालू असेल तर फॉल्ट तरी दिसेल. डेटाशीटमध्ये प्रीफेच बघा.

कॅशलाइन

एक राहिलं. पॅकेटचे बफर डीएमए_मॅप_सिंगल() चे असतील तर डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू() हवाच, बॅरिअर कॅश साफ करत नाही. उलटही खरं: डिव्हाइस कोहेरंट (सीपीयूच्या कॅशशी आपोआप जुळलेला) असेल तर तो सिंक जवळपास काहीच करत नाही, त्यामुळे 'सिंक आहे ना, मग डीएमए_आरएमबी() कशाला' हा हिशेब चुकतो. दोन्ही ठेवा, आधी डीएमए_आरएमबी(), मग सिंक.

बदल केल्यावर मॉड्यूलवर ऑब्जडंप -डी चालवा. रिसीव्हच्या लूपमध्ये ओनच्या तपासणीनंतर 'डीएमबी ओएसएचएलडी' दिसला पाहिजे. तिथे अजून 'डीएसबी एलडी' दिसत असेल तर एखादा आरएमबी() मॅक्रोआड लपलाय. केसीएसएएनच्या (कर्नलमधल्या डेटा रेस शोधणारं साधन) भरवशावर राहू नका, डिव्हाइसने केलेली लेखनं त्याला थेट दिसत नाहीत, फार तर बदललेल्या किमतीवरून तो अंदाज बांधतो.