कार्बन फायबरची अकॉस्टिक गिटार खरंच किती टिकते?

सहावी_तार:
लोकहो, लाकडी गिटारीला पार वैतागलोय. हवा दमट झाली की टॉप (वरची फळी) फुगतो नि ॲक्शन, म्हणजे तारांची फिंगरबोर्डपासूनची उंची, वर जाते, कोरडी झाली की फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची (त्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं हाताला ओरबाडतात, केसमध्ये ओलावा देणारा ह्युमिडिफायर ठेवा, तो सुकला का बघत बसा. माझा प्रवासही बराच असतो म्हणून कार्बन फायबरची घ्यावी म्हणतोय. आयुष्यभर टिकते म्हणतात ते खरं का? काय बिघडतं त्यात आणि बिघडलं तर दुरुस्त होतं का?

फ्रेटबझ:
ओलाव्याची चिंता मिटली समज. 12-53 जाडीच्या तारांच्या सेटचा ताण 70 किलोच्या वर जातो, तो लाकडी टॉपला वर्षानुवर्षं ओढत राहतो म्हणून ब्रिजमागे (बॉडीवर तारा अडकवतात त्या पट्टीमागे) पोट येतं, चांगल्या कार्बनच्या टॉपला हे सहसा होत नाही. पण ट्युनिंग हलतच नाही म्हणून जे सांगतात ना, ते साफ खोटं. कार्बन तापला तरी जवळपास प्रसरण पावत नाही पण तारा स्टीलच्याच आहेत, एसीतून उन्हात नेलीस की सूर उतरणारच. आणि फ्रेट, नट, ट्युनर, पिकअप हे इतर गिटारींसारखंच झिजतं किंवा बिघडतं. स्टेनलेस फ्रेट मिळत असतील तर तेच घे.

जुनी_कॉर्ड:
आधी 'कार्बन' म्हणजे नक्की काय विकतायत ते बघ. रेनसाँग किंवा एमराल्ड या कंपन्यांच्या गिटारींची बॉडी कार्बनचं कापड आणि इपॉक्सी (घट्ट होणारं रेझिन) थरावर थर देऊन बनते. एन्या कंपनीची नोव्हा गो म्हणजे पॉलिकार्बोनेटमध्ये कार्बन मिसळून साच्यातून काढलेली, दणकट आहे, प्रवासाला मस्त, पण दोन्ही एकाच मापाने मोजू नकोस. आणि क्लोसच्या हायब्रिडला बॉडी कार्बनची पण नेक लाकडी, म्हणजे नेकला हवामान लागणारच!

सरस_आणि_क्लॅम्प:
दुरुस्तीचं मी सांगतो, कामच ते आहे. लाकूड तडकलं की दिसतं. कार्बनला जोरात मार बसला तर आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि वरून फक्त क्लिअर कोटवर (वरच्या पारदर्शक थरावर) बारीकसा पांढरा डाग, बघणाऱ्याला वाटतं काही झालंच नाही. नाण्याने हलक्या टिचक्या मारत जायचं, टणक आवाज येता येता मध्येच भद्द वाजलं की तिथे गडबड आहे. आतून कापड आणि इपॉक्सीचा पॅच लावता येतो, मजबूत होतो, फक्त बाहेरची वीण पुन्हा तशीच दिसेल ही आशा सोडायची. सगळे कारागीर हे काम घेत नाहीत, घासताना उडणारी धूळ वाईट असते, मास्कशिवाय हात लावू नये.

दुसरं म्हणजे नेक. लाकडी गिटारीत नेकचा बॉडीशी असलेला अँगल बिघडला तर नेक काढून पुन्हा नीट बसवतात, त्याला रीसेट म्हणतात. इथे बऱ्याच मॉडेल्समध्ये नेक आणि बॉडी एकसंध, सुटतच नाही, काहींना तर ट्रस रॉडही (नेकचा बाक कमी-जास्त करायची आतली सळई) नसतो. कारखान्यातून नीट आली तर वर्षानुवर्षं हलत नाही, वाकडी आली तर मात्र जन्माची वाकडी.

सहावी_तार:
बापरे, हे कुठेच वाचलं नव्हतं. मग उन्हात गाडीत ठेवली तर चालते का? त्यासाठीच तर घेणार होतो 😅 आणि वापरलेली एक मिळतेय, काय काय बघू?

सरस_आणि_क्लॅम्प:
गाडीत नको रे. बंद गाडी उन्हात 60 अंशांच्या आसपास सहज जाते आणि साध्या तापमानाला सेट होणारी बरीच इपॉक्सी त्याच सुमारास मऊ पडायला लागते, वर तारांचा ताण आहेच. बॉडीला काही होणार नाही पण चिकटवलेला ब्रिज सरकू शकतो.

वापरलेली बघताना ब्रिजच्या मागच्या कडेला कागद सरकवून बघ, आत गेला तर ब्रिज सुटायला लागलाय. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आतून बघ, एंड पिनजवळ (पट्टा अडकवायच्या मागच्या खुंटीजवळ) खास, कारण पडल्यावर मार तिथेच बसतो. मग सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती बारीक पट्टी) बघ. तो आधीच घासून घासून ब्रिजला टेकलेला असेल आणि तरी बाराव्या फ्रेटला ॲक्शन उंच असेल, तर नेकचा अँगलच बिघडलाय, किंमत कितीही कमी सांगू दे, घेऊ नकोस.