बँकॉक एका दिवसात: राजवाडा ते वाट फो मंदिर, चालावं की टुकटुक (तिथली रिक्षा)?

मदत हवी आहे. येत्या सोमवारी सकाळी 6 ला सुवर्णभूमीवर उतरतो, परतीचं विमान त्याच रात्री 11 ला. सोबत आई-बाबा, दोघं सत्तरीची. आईचे गुडघे दुखतात, जिने शक्यतो नकोत. सामान विमानतळावरच ठेवणार.

ठरवलंय ते असं: एअरपोर्ट रेल लिंकने मक्कासान, तिथून पेचबुरीला निळी मेट्रो धरून थेट राजवाड्याजवळचं सनाम चाय स्टेशन. टॅक्सी सकाळच्या गर्दीत अडकते म्हणून बाद. एका एजंटाची 'सिटी टूर' बघितली, पण त्यात दोन तास रत्नांच्या दुकानात! तीही बाद.

राजवाडा साडेआठला उघडतो, म्हणून पहिला तोच. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, ते सांभाळलंय. मग वाट फो, 46 मीटरचा निजलेला बुद्ध. पुढे ता तियेनच्या धक्क्यावरून बोटीने पलीकडे वाट अरुण मंदिर (आपल्या पणजी-बेती फेरीबोटीसारखंच, नदी ओलांडायची एवढंच). तिथले उभे जिने आई चढणार नाही, खालूनच बघू. सोमवार म्हणजे शाकाहारी, तेव्हा जेवण साम योत स्टेशनजवळच्या पाहुरातमध्ये, भारतीय वस्तीत.

अडलंय एवढंच: राजवाड्याचं फाटक उत्तरेला, वाट फो दक्षिणेला, मधे अख्खी तटबंदी, आणि तोवर ऊन डोक्यावर. वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर सांगा, भिंतीकडेची वाट सावलीची, बसायला जागा असलेली आहे का? की टुकटुकच बरी, आणि तेवढ्याशा अंतराला किती बाट द्यावेत?