एमएस्सी गणित भाग २ : नेटवर्क सायन्स घेऊ का नको?

वडगाव_लोकल
शनिवारपर्यंत ऐच्छिक पेपर लिहून द्यायचाय. फंक्शनल अ‍ॅनालिसिस की नेटवर्क सायन्स? मैत्रिणी सगळ्या पहिल्याकडं, कारण त्याच्या नोट्स वर्षानुवर्षं फिरतायत. मी नेटवर्कच्या दोन तासांना बसून आले. सरांनी फळ्यावर ठिपके काढले, रेघा मारल्या आणि म्हणाले, हा ग्राफ. माझ्यासाठी ग्राफ म्हणजे आलेखवही, त्यामुळं पाच मिनिटं मी एक्स-अक्ष शोधत होते. घरी सांगितलं तर पप्पा म्हणाले, "मळ्यात रेंज का येत नाही, ते शिकवतात काय?"

अडचण अशी की लिनिअर अल्जेब्रात मला कसेबसे ५२. पायथन उघडूनही बघितलेलं नाही, आणि या तासाला कॉम्प्युटरची पोरंही बसतात. खरी भीती वेगळीच आहे. यात गणित आहे का नुसती चित्रं? सिद्धता नसली की मला करमत नाही. वर प्रोजेक्ट "आपल्या भागातला" हवा म्हणे. आमच्या भागात ऊस आहे.

तिकटीवाला
भावा, दोन वर्षांमागं हाच पेपर केलाय, आता कोल्हापूरच्या राजारामपुरीत क्लास घेतो. घे डोळे झाकून. म्हणजे झाकू नको, पण घे.

सिद्धता पाहिजे ना? एर्डोश आणि रेन्यी यांचं १९५९-६० चं काम बघ. ठिपके घ्यायचे, प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवायचं, छाप पडला तर रेघ. नाणं अर्थात खोटं, छाप क्वचितच पडणारं. एका ठिपक्याला सरासरी एकपेक्षा कमी रेघा असतील तर सगळे आपापल्या छोट्या टोळक्यात. सरासरी एकच्या वर सरकली की अचानक एक अवाढव्य घटक, म्हणजे रेघांनी एकमेकांना जोडलेला ठिपक्यांचा गट, तयार होतो. सरासरी २ झाली की जवळपास ८० टक्के ठिपके त्या एकाच घटकात. हा वाटा काढायचं समीकरण मी रंकाळ्यावर बसून साध्या कॅल्क्युलेटरवर सोडवलं होतं, उत्तर ०.७९७ आलं तेव्हा शेजारच्या भेळवाल्याला सांगावंसं वाटलं.

५२ चं टेन्शन घेऊ नको. आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स एखाद्या दिशेला, दिशा न बदलता, किती पट ताणते ती संख्या) मला तरी तिथंच कळली. कुठला ठिपका कुणाला जोडलाय ते शून्य-एकाच्या तक्त्यात मांडलं की अ‍ॅडजेसन्सी मॅट्रिक्स. तिचा घन काढ, कर्णावरच्या संख्या मिळव, सहानं भाग, त्रिकोणांची संख्या हातात. सहानंच का, हे स्वतः शोध. ते सुटलं तर पेपर तुझा. पुढं पेरॉन-फ्रोबेनियस, म्हणजे अशा मॅट्रिक्सच्या सगळ्यात मोठ्या आयगेनव्हॅल्यूबद्दलचं प्रमेय, येतं, आणि कुठला ठिपका किती वजनदार हे ठरवायला तेच लागतं.

पायथनची भीती पंधरा दिवसांची. खरा त्रास माहितीचा असतो. मी प्रोजेक्टला केएमटीचे, म्हणजे आपल्या शहर बसचे, थांबे घेतले. दोन रविवार पाट्या वाचत आणि कंडक्टरना पिडत हिंडलो. निकाल आला तर पापाच्या तिकटीला, म्हणजे भर गर्दीच्या चौकाला, काही किंमतच नाही! तीन दिवस सूत्र तपासलं. मग कळलं, मी निम्म्या ठिकाणी 'तिकटी' लिहिलंय आणि निम्म्या ठिकाणी 'टिकटी'. कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे थांबे. सीबीएस आणि मध्यवर्ती बसस्थानक यांचंही तेच.

रेघ कशाला म्हणायचं, तेही आधी ठरवावं लागतं. लागोपाठचे थांबे जोडले तर अंतर म्हणजे थांब्यांची संख्या. एकाच गाडीवरचे सगळे थांबे एकमेकांना जोडले तर अंतर म्हणजे किती गाड्या बदलायच्या ते. शहर तेच, गाड्या त्याच, गणित पार वेगळं.

एक सावधगिरी. वर्गात बाराबासी आणि अल्बर्टचा १९९९ चा नियम ऐकलास की सगळीकडं पॉवर लॉ, म्हणजे मोजक्या ठिपक्यांना भरमसाट रेघा आणि बाकीच्यांना थोड्याच, दिसायला लागतो. लॉग-लॉग कागदावर बरी रेघ आली म्हणून तो असतोच असं नाही. ब्रॉइडो आणि क्लॉसेट यांनी २०१९ मध्ये शेकड्यांनी नेटवर्क तपासून दाखवलं की ठाम पुरावा फार थोड्यांत सापडतो.

पेठेतला_गोलकीपर
मी कॉमर्सचा, पण मित्राच्या या तासाला एकदा एसीसाठी बसलो होतो. त्यात कराटे क्लबची गोष्ट होती. झॅकरी नावाच्या माणसानं १९७७ मध्ये छापलेली : ३४ मेंबर, ७८ मैत्र्या, मास्तर आणि अध्यक्ष यांचं फिसकटलं, क्लब फुटला. कोण कुणाकडं जाणार हे त्यानं मैत्रीच्या रेघांवरून काढलं, आणि एक सोडून सगळे बरोबर! तो एक चुकला कारण त्याची ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर होती, म्हणून तो मास्तरांकडं राहिला. हे ऐकून मी म्हटलं, अरे, ही तर आपल्या तालमीची गोष्ट. आपल्याकडं फुटीचा अंदाज चहाच्या टपरीवर लागतो, मॅट्रिक्स लागत नाही.

निवृत्त_गणितशिक्षक
चिरंजीव, कोल्हापुरात राहून ग्राफला कसले घाबरता? ऑयलरने १७३६ मध्ये क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न सोडवला, तेव्हा त्याने फक्त प्रत्येक भूभागाला किती पूल लागतात ते मोजले : ५, ३, ३, ३. चारही विषम. विषम ठिकाणे दोनापेक्षा जास्त असली की प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फेरी होत नाही. आता आपली तिकटी घ्या. तीन रस्ते मिळतात म्हणून तिकटी, म्हणजे विषम. ज्या पेठेत तीन तिकट्या, तिथे प्रत्येक रस्ता एकदाच तुडवून पत्रे वाटणे पोस्टमनला अशक्य. हे मी नववीच्या मुलांना सांगत असे, अभ्यासक्रमात नसताना.

वडगाव_लोकल
भावा नाही, ताई. आणि सर, चिरंजीव नाही, कन्या.

सहा का ते सुटलं : एक त्रिकोण तीन कोपऱ्यांतून सुरू होतो आणि दोन दिशांनी फिरता येतं. बसमध्ये सुटलं, त्या नादात स्टॉप पुढं गेला.

प्रोजेक्टचंही डोक्यात आलंय. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा आम्ही अलीकडंच अडकलो. आत्या कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात अ‍ॅडमिट, आम्ही घरात फोनवर. रस्त्यांचा ग्राफ करून रेघा एकेक काढत गेले तर? फक्त रँडम काढायच्या की सगळ्यात महत्त्वाच्या आधी, ते कळेना.

तिकटीवाला
ताई, चुकलं.

दोन्ही नको. पुस्तकात ते दोनच प्रकार भेटतील, एक आपोआप बिघाड आणि दुसरा मुद्दाम हल्ला. पूर तसा येत नाही. सखल रस्ता आधी जातो आणि त्याच्या शेजारचाही त्याच्याबरोबर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. फुटाफुटानं रेघा काढ, आणि वडगाव ते सीपीआर वाट कितव्या फुटाला तुटते बघ. कुठल्या फुटाला कुठला रस्ता जातो हे गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचार, पायथनच्या आधी.

माझी थांब्यांची फाइल देतो. दुरुस्त केलेली. त्यात 'तिकटी' आहे, 'टिकटी' करू नको.

वडगाव_लोकल
फॉर्म भरला. फाइल कुठं न्यायला येऊ?