टाको मऊच असतो हो!
'टाको मऊ पडला होता, शिळाच असणार' म्हणून वर एकांनी विश्रामबागच्या त्या मेक्सिकन हॉटेलला एकच स्टार दिलाय, त्यावरून लिहितोय. मेक्सिकोत टाकोची मक्याची तोर्तिया (सारण भरून दुमडायची पातळ पोळी) सहसा मऊच असते. कुरकुरीत कवचाची सवय अमेरिकेतली. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, म्हणून ती न मोडता दुमडते. इथली तशीच होती, साल्साही ताजा. बुरिटोत मात्र नुसता भात ठासलेला, राजमा शोधावा लागला. सर्व्हिसबद्दलची ओरड अगदी खरी. रविवारी संध्याकाळी पाणीसुद्धा मागून मागून मिळालं आणि नाचोज आले तोवर चीज गार होऊन घट्ट. बिल तेवढं न मागता आलं! जायचंच तर मधल्या वारी जा, टाको मागवा.