बुजरं मूल: स्वभाव किती, घडवणूक किती?

चारचौघांत तोंड न उघडणारं मूल जन्मतःच तसं असतं, की आपण त्याला तसं करतो? मुलांमध्ये काम करणाऱ्यांनी लिहावं. आठवणी नकोत, काय केल्याने काय होतं ते हवं.

बालवाडीताई
पाहुण्यांसमोर "कविता म्हणून दाखव" हे आधी बंद करा. मूल अडतं, मग आई म्हणते, "लाजाळू आहे हो आमचा!" ते त्यालाही ऐकू येतं, आणि पुढच्या वेळी लाजणं हेच त्याचं ठरलेलं काम होतं. त्यापेक्षा पाण्याचा पेला न्यायला सांगा. हात गुंतले की जीभ सैल होते. नाही झाली तरी पाणी पोचलंच.

आणि बालवाडीत सोडताना लपून सटकू नका. सांगून, टाटा करून निघा. रडू दोन्हीकडे येतं, पण सटकलात तर दुसऱ्या दिवशी पदर सुटत नाही.

समुपदेशक
स्वभावाचा वाटा आहेच. मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांच्या अभ्यासात 4 महिन्यांच्या बाळांपैकी साधारण पाचातलं एक नव्या आवाजाला, हलत्या खेळण्याला जोरात हातपाय झाडून रडत होतं. अशी मुलं पुढे बुजरी होण्याचा संभव जास्त. पण त्यातलीही बरीच तशी राहिली नाहीत.

घरी बडबड आणि शाळेत चकार शब्द नाही, असं महिन्याहून जास्त चाललं (शाळेचा पहिला महिना धरू नका), तर निवडक मूकता आहे का ते तपासून घ्या. तो हट्ट नसतो, भीती असते. त्यावरचा एक उपाय असा: रिकाम्या वर्गात आई आणि मूल आळीपाळीने आकडे मोजतात. बाई आधी बंद दाराबाहेर, मग उघड्या दारात, मग टेबलापाशी, मग मोजण्यात सामील. शेवटी आई उठते. मूल गप्प झालं की एक पायरी मागे. सगळं फिसकटतं ते पहिल्या शब्दावर वर्गाने टाळ्या वाजवल्या की! तीस डोळे वळले की मूल पुन्हा मिटतं.

प्राथमिक शिक्षिका
प्रश्न विचारून थांबता किती? शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांत मोजलं: शिक्षक जेमतेम 1 सेकंद थांबतात. 3 सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, मागची मुलंही बोलतात. मनात "एक गाय, दोन गाय, तीन गाय" म्हणा. पहिल्या बाकावरचा हात तेवढ्यात वर येतोच, त्याला डोळ्यांनी थोपवा.

"आमची गाय याली" म्हणणाऱ्याला "व्याली म्हण" असं मध्येच तोडू नका. "अरे वा, व्याली? गोऱ्हा की कालवड?" असं विचारा. प्रमाण रूप कानावर पडतं, बोलणंही चालू राहतं.

अंगणवाडी पर्यवेक्षिका
दर वेळी मुलानेच का बदलायचं? बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली.

बालवाडीताई
बरोबर. आणि गोलात बसवताना बुजऱ्याला ताईंच्या अगदी समोर नको, शेजारी बसवा. नजर चुकवायची सोय राहते.