पालापाचोळ्यातील विकर आणि प्लास्टिक

विद्यापीठांतील जैवरसायनशास्त्राचे संशोधन शोधनिबंधांपुरतेच उरते, शाश्वत विकासाला त्याचा फारसा हातभार लागत नाही, असे मत अनेकदा मांडले जाते; ते मला मान्य नाही. ओसाका विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधील सूक्ष्मजीवांची जनुके चाळून पानांवरील क्यूटिनचा थर फोडणाऱ्या विकरांच्या, म्हणजेच एन्झाइमांच्या, कुळातील एक विकर शोधले आणि ते बाटल्यांचे पीईटी प्लास्टिकही तोडते असे दाखवले. फ्रान्समधील तुलूझच्या संशोधकांनी कार्बिओस या कंपनीसोबत त्या विकरातील चार अमिनो आम्ले (विकर ज्यांच्या साखळीने बनते ते घटक) बदलली; त्यांपैकी दोन बदलांनी गंधकाचा एक बंध जोडून त्याची रचना उष्णतेत टिकाऊ केली, आणि २०२० साली हे विकर ७२ अंश सेल्सिअसला १० तासांत ९० टक्के पीईटीचे मूळ घटकांत विघटन करू शकले. त्या घटकांपासून पुन्हा बाटल्याही तयार झाल्या. अर्थात प्लास्टिक आधी दळावे लागते, विघटनात सुटणारे आम्ल अल्कलीने उदासीन करावे लागते, आणि या खर्चाचा हिशेब टाळता येणार नाही. तरीही कंपोस्टमधील जनुके चाळण्याचे ते पहिले, चिकाटीचे काम तत्काळ नफ्याची अट घातली असती तर झाले असते, असे मला वाटत नाही.